लिंबाच्या नवतीवरची (नव्या कोवळ्या पालवीवरची) कीड, नवीन लावणाऱ्यासाठी थोडं

भाऊ, तुम्ही पाठवलेला लिंबाच्या झाडाचा फोटो बघितला, पानावर चांदीसारखी वेडीवाकडी रेघ दिसतेय ना, ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्याच्या आत बसून खाते त्यामुळे वरवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही, आणि दुकानदार म्हणाला म्हणून दर चार दिवसांनी फवारत बसलात तर मित्रकीटक (किडीला खाणारे चांगले कीटक) मात्र मरतात. जून पानाला ती लागत नाही, म्हणून लक्ष ठेवायचं ते नवतीवर, कोवळी पालवी बोटभर झाली की लगेच ५ टक्के निंबोळी अर्क मारा. अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, एकूण १० लिटर करायचं, थोडा साबण टाकायचा आणि संध्याकाळी फवारायचं, पानाच्या खालून पण. ८-१० दिवसांनी परत एकदा.

दुसरं, पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसून सोडून देऊ नका, नीट वाकून बघा, ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, घाबरू नका, चावत नाही. दहा-वीस झाडं असतील तर औषध कशाला, सकाळी हातानेच वेचा, मी अजून तसंच करतो.

आणि युरिया जरा आवरा, सारखी नवती फुटत राहिली की किडीला सारखं जेवण मिळतं. खैऱ्या (पानाफळावर खरबरीत डाग पाडणारा रोग) पण त्या पोखरलेल्या पानातूनच जास्त शिरतो.