सणाचे देणेघेणे आणि घरचा हिशेब

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आषाढ उतरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गणपती-दिवाळीच्या देण्याघेण्याचा विषय हमखास असतो. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण लांबले आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे तयारीला थोडा अधिक अवधी मिळाला आहे. आलेल्या पत्रांतील चार येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमचे एकत्र घर आणि हापूसची बाग आहे. मी थोरली जाऊ, गावीच राहते. तिन्ही दीर, जावा आणि मुले गणपतीला मुंबईहून येतात. जावांना साड्या, मुलांना काहीबाही, निघताना सगळ्यांच्या ओट्या, पुढे दिवाळीला नणंदांची ओवाळणी आणि माझ्या भावांचे कपडे, असे सगळे मिळून गेल्या वर्षी ४२ हजार रुपये गेले. त्यातले १५ हजार पतसंस्थेतून उचलले होते. मे महिन्यात हातात पैसा असतो, भाद्रपदात नसतो. हे बसवावे कसे?

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. बागायतदाराच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो. वाशीच्या बाजारातल्या दलालाची शेवटची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब आणि पैसे, हाती पडते न पडते तोच भाताचे बियाणे, खत, पॉवर टिलरचे भाडे, लावणीची मजुरी आणि मुलांच्या शाळेचा खर्च दारात उभा असतो. सणासाठी म्हणून वेगळा काढलेला पैसा नसेल तर तो लावणीतच जिरतो, आणि श्रावण लागला की पतसंस्थेची पायरी चढावी लागते. म्हणून हंगामातल्या एका विशिष्ट जमेला सणाचे नाव द्यावे असे आम्ही सुचवू. बहुतेक बागायतदारांकडे मेअखेरीस डागी आणि लहान फळ कॅनिंगला, म्हणजे आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, किलोवर जाते आणि त्याचे पैसे लगेच मिळतात. कॅनिंगचा पैसा सणाचा, त्याला लावणीसाठी हात लावायचा नाही, असे घरात एकदा ठरले की पेटीच्या पट्टीतून काही वाचवण्याची धडपड करावी लागत नाही. यंदाचा मे निघून गेला असला तरी हा नियम पुढील हंगामापासून लागू करता येईल.

यंदापुरता आकडा आपल्याच पत्रातून निघतो. ४२ हजारांतून उसने १५ हजार वजा केले तर स्वतःचे २७ हजार उरतात. तेवढाच यंदाचा खर्च धरावा. देणे पाहुण्यांच्या यादीवरून ठरवू नये, आधी रक्कम ठरवावी आणि मग यादी तिच्यात बसवावी. २७ हजारांपैकी ११ हजार गणपतीतल्या मानाच्या देण्याला, ७ हजार मुलांना आणि ओट्यांना, ६ हजार दिवाळीला आणि ३ हजार ऐनवेळेला, अशी विभागणी करून चार वेगळी पाकिटे भरून ठेवावीत. ऐनवेळेचे पाकीट कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि घरचा हिशेब नेमका तेथेच फसतो. धाकट्या दिराबरोबर त्याचा मित्र सहकुटुंब येतो, शेजारच्या वाडीतली माहेरवाशीण भेटायला येते, आणि अशा वेळी घाईने बाजारात माणूस पाठवला की शंभराची वस्तू दीडशेला पडते. चार स्टीलचे डबे आणि चार चांगले नॅपकिन आधीच कपाटात ठेवलेले बरे. ब्लाऊजपीस मात्र घेऊ नयेत. ओटीतले ब्लाऊजपीस शिवले जात नाहीत, पुढच्या ओटीत जातात, आणि तालुकाभर फिरून एखादा आपल्याच घरी परत येतो, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

आता साड्यांविषयी. आपण चार जावा प्रत्येकी तिघींना साडी देता, म्हणजे एका गणपतीत घरात १२ साड्या विकत घेतल्या जातात. एक साडी नऊशे रुपयांची धरली तरी चार संसारांचे मिळून १० हजार ८०० रुपये होतात, आणि प्रत्येकीच्या कपाटात तीन मध्यम साड्या जमा होतात, ज्या तिने स्वतः निवडलेल्या नसतात. त्याऐवजी आताच चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्या जावेची चिठ्ठी निघेल तिला एकच साडी द्यावी, पण ती दीड हजारांची, तिच्या पसंतीची. चौघींचा एकूण खर्च ६ हजारांवर येतो. ही गोष्ट थोरल्या जावेनेच काढावी, कारण धाकटीने काढली तर तिला हात आखडता घ्यायचा आहे असा अर्थ लावला जातो. मात्र जावांशी बोलण्याआधी ती सासूबाईंच्या कानावर घालावी. त्यांना मागाहून कळले तर चांगली योजनाही घरात उभी राहत नाही.

मुलांची गोष्ट निराळी आहे. येथे रकमेपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा असतो. खळ्यात सामान उतरते न उतरते तोच गावचे पोर मुंबईच्या चुलत भावाला ‘मुंबयसून काय हाडलंस?’ असे विचारते, आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काय मिळाले याची तुलना पडवीत पुरी झालेली असते. सर्व मुलांसाठी एकच किंमत ठरवावी, वस्तू वयाप्रमाणे बदलावी, आणि ही किंमत मुंबईच्या तिन्ही घरांना आधी कळवावी. लहानांसाठी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी उत्तम. त्यांना सेल लागत नाहीत आणि पडली तरी टिकतात. बारा वर्षांपुढच्या मुलांना वस्तूपेक्षा पाकीटच आवडते, त्यात कमीपणा मानू नये.

शेवटी वहीविषयी. नाव, निमित्त, काय दिले, किंमत आणि त्यांच्याकडून काय आले, असे पाच रकाने आखून रोज रात्री एक ओळ लिहावी. ४२ हजारांतले कशावर किती गेले हे आपल्या पत्रात नाही, आणि बहुधा आपल्यालाही ठाऊक नाही. ही वही इतरांच्या नजरेस पडू देऊ नये.

प्रश्न : आम्ही मूळचे घाटावरचे, नोकरीनिमित्त लांज्यात स्थायिक झालो. मुलीचे लग्न वैशाखात राजापूर तालुक्यात झाले. लगेच अधिक महिना लागल्याने जावयाला चांदीच्या ताटलीत ३३ अनारशांचे वाण दिले, त्यात बरीच रक्कम गेली. आता गौरीचा ओवसा आणि त्यामागून दिवाळसण आहे. व्याही काही मागत नाहीत, पण ‘आमच्याकडे असे असते’ हे वाक्य दोनदा कानावर आले आहे. किती आणि काय करावे?

उत्तर : ओवसा ही आपल्याला नवी रीत असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. गौरीच्या सणाला नवी सून सुपे भरून गौरीला ओवसते आणि मग ती सुपे सासरच्या वडीलधाऱ्यांना देऊन पाया पडते. सुपात विडा, नारळ, फळे, काकडी, सुका मेवा असे जिन्नस असतात. सूप स्वीकारणारा तिला पैसे, साडी किंवा एखादा दागिना देतो. म्हणजे हे एकतर्फी देणे नव्हे. किती सुपे भरायची हे घरागणिक बदलते. त्यामुळे शेजारणीला विचारून काही ठरवू नये, विहीणबाईंनाच ‘तुमच्याकडे किती सुपे असतात आणि कोणाकोणाची?’ असे सरळ विचारावे. हा प्रश्न विचारण्यात मानहानी नाही. उलट तो विचारला नाही म्हणूनच अंदाजाने दुप्पट खर्च होतो.

याशिवाय एक गोष्ट विचारून घ्यावी. कोकणातल्या अनेक गावांत सूर्याच्या पूर्वा नक्षत्रात गौर आली तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा करतात. पूर्वा नक्षत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपते, आणि यंदा चतुर्थीच १४ तारखेला असून गौर त्यानंतर तीनेक दिवसांनी येते. ही रीत आपल्या व्याह्यांच्या गावी पाळत असतील तर पहिला ओवसा यंदा होणार नाही. पुढील वर्षी चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, तेव्हा होईल. तसे असल्यास आपल्याला वर्षभराची सवड मिळते. मात्र पुढे ढकललेला ओवसा अधिक थाटात करावा लागतो असा समज कोणी करून दिला तर तो मनावर घेऊ नये.

राहिला दिवाळसण. चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन यांत साधारण ५५ दिवसांचे अंतर असते. २०२० साली अधिक आश्विन आला तेव्हा ते ८४ दिवसांवर गेले होते, पण तो अपवाद. पगारदार घराच्या दृष्टीने हे दोन पगार झाले. ओवसा आणि दिवाळसण यांची खरेदी एकदम करण्याचा मोह टाळून दिवाळसणाचा भार या दोन पगारांवरच टाकावा. जावयासाठी तयार कपडे घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून २,६०० रुपयांच्या सदऱ्यापेक्षा २,४०० रुपयांचा सदरा वाटतो त्याहून बराच स्वस्त पडतो. सोन्याची अंगठी हवीच असा आग्रह व्याह्यांनी धरलेला नाही. आपण तो स्वतःहून ओढवून घेऊ नये. अधिक महिन्यातली चांदीची ताटली नुकतीच गेलेली आहे आणि ती मोजायला हरकत नाही. मुलीलाही या हिशेबात बसवावे. सासरी कोणाला काय आवडते हे तिला आपल्यापेक्षा अधिक कळते, आणि माहेरचे किती ओढून-ताणून करतात हे तिच्यापासून लपवले तरी लपत नाही.

प्रश्न : आम्ही हर्णैचे. घरची बोट आहे. जून-जुलै बंदी, म्हणजे मिळकत शून्य. बंदी उठली की डिझेल, बर्फ, जाळी यांत पैसा अडकतो आणि त्यातच नारळी पौर्णिमा, गणपती. पोस्टात आवर्ती ठेव काढावी की बायकांची भिशी बरी? सोनाराची योजनाही आहे.

उत्तर : पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून काढता येते आणि पैसा सुरक्षित असतो, पण तिची मुदत ५ वर्षांची आहे आणि ३ वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही. मुलीच्या लग्नासाठी ती चांगली, दरवर्षीच्या सणासाठी उपयोगाची नाही. सोनाराकडे हप्ते भरल्यावर दागिना मिळतो, रोख मिळत नाही. ज्याला साड्या आणि फराळ करायचा आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

भिशीबद्दल आमचे मत थोडे सावध आहे. ओळखीच्या दहा-बारा जणींची भिशी पुष्कळदा सुरळीत चालते आणि दरमहा पैसे बाजूला पडण्याची शिस्त तिच्यामुळे लागते, हे नाकारता येणार नाही. परंतु चिठ्ठी जानेवारीत निघाली तर तो पैसा गणपतीपर्यंत राहत नाही, आणि कोणी हप्ता बुडवला तर दाद मागायला जागा नसते. भिशी लावायचीच असेल तर पहिल्याच बैठकीत श्रावणाचा महिना आपल्या नावावर मागून घ्यावा. एखादी ताई तो आनंदाने सोडेल, कारण तिला शाळेच्या फीसाठी जूनच हवा असतो.

आपल्यासारख्या घराला बँकेची अल्प मुदतीची आवर्ती ठेव सोयीची आहे. बहुतेक बँकांत ती सहा महिन्यांपासून पुढे काढता येते. हंगाम भरात आला की ऑक्टोबरात आठ महिन्यांची ठेव सुरू करावी, म्हणजे शेवटचा हप्ता मे महिन्यात, बंदीच्या आधी भरला जाईल. दरमहा १,५०० रुपये टाकले तर मुद्दल १२ हजार होते. मुदत संपते तेव्हा घरात पैशाची चणचण असते आणि सगळ्यांची नजर त्या रकमेवर पडते, म्हणून ती लगेच दोन महिन्यांच्या मुदत ठेवीत घालावी आणि ऑगस्टमध्ये काढावी. खलाशांना सणाला जे द्यायचे ते या पैशातून देऊ नये. तो धंद्याचा खर्च आहे, बोटीच्या हिशेबात लिहावा.

प्रश्न : मुंबईची मंडळी येताना भरभरून आणतात. आम्ही कुडाळचे, नोकरी साधी. परत जाताना त्यांच्या हातावर काय ठेवावे म्हणजे लाजिरवाणे वाटणार नाही? ऑनलाइन मागवावे का?

उत्तर : ऑनलाइन वस्तू त्यांना दादरमध्येही मिळते. शिवाय भाद्रपदात घाटात दरड कोसळली की पार्सल अडकते, आणि वस्तू परत करण्याची मुदत ती घरी पोहोचल्यापासून मोजली जाते, भेट दिल्यापासून नव्हे. तेव्हा तो विचार सोडावा. आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी, काजूगर आणि मिळाल्यास गावच्या गिरणीचे उकडे तांदूळ, यांतले दोन किंवा तीन जिन्नस पुरेत. फणसपोळी आणि आमसुले मे महिन्यातच घरी करून ठेवली असतील तर खर्च नाममात्र पडतो. पावसाळी हवेत दोन्हींना बुरशी धरते, त्यामुळे भाद्रपदात पुड्या बांधण्याआधी उघडून पाहावी. काजूगर विकत घ्यावे लागणार असतील तर प्रत्येक घराला पाव किलो ठीक आहे. आमसुलांचा रस सुटतो, म्हणून त्यांची पुडी दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून पिशवीत तळाशी ठेवावी आणि ती नेमकी कोणत्या पिशवीत आहे हे नेणाऱ्याला सांगून ठेवावे.