प्रायव्हेट लिमिटेड कंपनी विकत घेताना 'आयएसआयएन आहे का' असं का विचारतात?

तुम्ही भोसरीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी शेअर्ससकट घेताय आणि सीएंनी आयएसआयएन विचारायला सांगितलंय. टोकन द्यायच्या आधी नक्की विचारा. (नुसता गाळा आणि मशिनरी घेत असाल, किंवा धंदा प्रोप्रायटरशिपचा असेल, तर हा प्रश्नच येत नाही.)

आयएसआयएन म्हणजे शेअर, डिबेंचर (कर्जरोखे) वगैरेंचा १२ अक्षरी ओळख क्रमांक. रिलायन्सच्या शेअरचा आयएनई००२ए०१०१८. 'आयएन' म्हणजे भारत, 'ई' म्हणजे कंपनी, '००२ए' ही त्या कंपनीची खूण आणि पुढचे '०१' म्हणजे इक्विटी, म्हणजे साधे शेअर्स. हा क्रमांक नसेल तर शेअर्स डिमॅट होत नाहीत.

ऑक्टोबर २०२३ च्या नियमाने 'स्मॉल कंपनी'त (भांडवल आणि उलाढाल कायद्याच्या मर्यादेत असलेली कंपनी) न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपन्यांना डिमॅट सक्तीचं झालं. वाढवलेली मुदत ३० जून २०२५ ला संपली. अशा कंपनीचे कागदी शेअर्स डिमॅट केल्याशिवाय तुमच्या नावावर होणारच नाहीत. आणि कंपनी दिसायला छोटी असली तरी दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असेल, तर कायद्याने ती 'स्मॉल' नाही. घरच्या कंपन्यांत गाडी हमखास अडते ती वारलेल्या वडिलांच्या नावावरच्या सर्टिफिकेटवर. ते आधी वारसांच्या नावावर चढवावं लागतं, आणि वारसांचं एकमत नसेल तर सौदा लटकतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. एकाच कंपनीचे आयएसआयएन अनेक असू शकतात: इक्विटीचा एक, प्रेफरन्सचा दुसरा, डिबेंचरचा तिसरा. विकणारा 'शंभर टक्के शेअर्स देतो' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात फक्त इक्विटी असते. कन्व्हर्टिबल प्रेफरन्स शेअर्स कुणा जुन्या गुंतवणूकदाराकडे राहिले आणि पुढे त्यांची इक्विटी झाली, की पूर्ण पैसे मोजूनही तुमच्या कंपनीत भागीदार उभा राहतो. म्हणून कंपनीचे सगळे आयएसआयएन मागा आणि प्रत्येकाचा ताजा 'बेनपॉस' कंपनीमार्फत आरटीएकडून (कंपनीच्या शेअर्सच्या नोंदी ठेवणारी संस्था) काढून घ्या. कुणाच्या डिमॅट खात्यात किती शेअर्स आहेत ते त्यात नावानिशी येतं. ती बेरीज भरणा झालेल्या भांडवलाशी जुळवा. फरक निघाला तर तेवढे शेअर्स अजून कागदावर आहेत, ते कुणाकडे हे कंपनीच्या भागधारकांच्या रजिस्टरमध्ये बघा. शेअर्स तारण आहेत का, ते विकणाऱ्याच्या डिमॅट स्टेटमेंटवर कळेल.

करारात शेअर्सच्या संख्येसोबत आयएसआयएन लिहून घ्या. उरलेली रक्कम मात्र सही केलेली डिलिव्हरी स्लिप (शेअर्स तुमच्या खात्यात टाकायचा आदेश) विकणाऱ्याच्या डीपीकडे, म्हणजे त्याचं डिमॅट खातं आहे त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, जमा होईल तेव्हाच द्या.