आधी वही एक करा

पोरी,

“सोलापुरात राहून समुद्राचा अभ्यास कशाला?” असं मुलाखतीत विचारलं आणि तू गप्प बसलीस, हे वाचून मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला. गप्प कशाला बसायचं? आपली सीना नदी हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा कर्नाटकात शिरते आणि रायचूरजवळ कृष्णेत जाते. कृष्णा आंध्रात हंसलादीवीला बंगालच्या उपसागराला मिळते. मुंबईची गाडी रोजची, म्हणून आपल्याला अरबी समुद्र जवळचा वाटतो, पण आपलं पाणी उलट्या दिशेला जातं. डाइंगवाल्यांनी टॉवेल रंगवून सोडलेलं, उसाच्या फडातून निथळलेलं, गावाच्या नाल्यांतलं, सगळ्याला उतार पूर्वेकडेच. मधे धरणांची रांग आहे, कोरड्या वर्षी कृष्णेचं फारसं काही समुद्रापर्यंत पोचत नाही, हेही सांगायचं होतंस. खरं ते पूर्ण सांगावं. पण पूर आला की तळाशी बसलेलं उठतं आणि पुढे जातं. एवढं उत्तर पुरलं असतं. कुडलच्या संगमावर उभं करून हा भूगोल मीच तुला दाखवलाय, तेव्हा तू शिलालेखाचे फोटो काढत होतीस.

असो. तुझी खरी अडचण ती नाही. दोन कामं समोर आली आहेत. एक मुंबईचं: किनारे साफ करायचे, शाळाशाळांतून बोलायचं, मोहिमा चालवायच्या. दुसरं एका प्रकल्पातलं: पूर्व किनाऱ्यावरच्या पाण्याच्या नोंदी शेजारच्या देशांच्या नोंदींशी लावून बघायच्या, कुणी कुठल्या पद्धतीनं मोजलं ते शोधायचं, जुळत नाहीत त्या रकान्यांची यादी करायची. या दुसऱ्याला तू ‘कारकुनी’ म्हणतेस. वर विचारतेस, देशादेशांतल्या करारांना दातच नसतील तर असल्या कारकुनीनं कुठला समुद्र वाचणार?

मला विचारशील तर त्याच कारकुनीनं. आधी वही एक करा, म्हणजे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजून एकाच जागी लिहा, मग बाकीचं बोला. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून ऐकून तुला वीट आला असेल. अजून येऊ दे.

बाल्टिक समुद्राचंच घे. १९७४ साली हेलसिंकीत त्याच्या काठच्या सात देशांनी प्रदूषण रोखायचा करार केला. त्यात सोव्हिएत रशिया होता, पोलंड होता, दोन्ही जर्मनी वेगवेगळ्या खुर्च्यांवर होत्या. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेली माणसं ती. करार अमलात यायला १९८० उजाडलं. पण त्याआधीच, १९७९ पासून, या देशांचा पाणी तपासायचा सामाईक कार्यक्रम सुरू झाला होता: काय मोजायचं, कुठे मोजायचं, कसं मोजायचं. राजकारणी ज्या विषयांवर भांडत होते त्यातला एकही मिटला नव्हता. पुढे १९९२ नंतर जिथून सगळ्यात जास्त घाण येते अशा शंभराहून जास्त ठिकाणांची यादी झाली, आणि सुधारणा झाली तसतशी त्यातली नावं एकेक करून खोडली गेली. अशी यादी कधी बनते? माझा आकडा तू मानतोस आणि तुझा मी मानतो, तेव्हा. बाल्टिक आजही बरा झालेला नाही, तळाशी मोठ्या भागात ऑक्सिजन नाही. पण किती नाही आणि कुठे नाही, यावर तिथं भांडण नाही.

भूमध्य समुद्राचंही तेच. १९७५ मध्ये बार्सिलोनात १६ देश जमले. अरब-इस्रायल युद्धाला दोन वर्षं झाली नव्हती, सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान यांचं फाटलं त्याला तर वर्षही नव्हतं. तरी ही भांडणारी मंडळी आली. पुढच्या वर्षी करारावर सह्या झाल्या. त्यातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते सह्यांचं नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांना उपकरणं दिली, माणसं शिकवली, आणि एकच नमुना वेगवेगळ्या देशांत तपासून उत्तरं जुळतात का ते पाहिलं. जुळली नाहीत तर पद्धत दुरुस्त केली. शेजाऱ्याच्या आकड्यावर विश्वास असाच बसतो, मेजवानीत ग्लासाला ग्लास लावून बसत नाही.

आता आपल्याकडे ये. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव या पाच देशांनी दक्षिण आशियाई समुद्रांसाठी कृती आराखडा मंजूर केला तो १९९५ साली, आपल्याच दिल्लीत. कचेरी कोलंबोत. आराखड्याच्या पुढे बंधनकारक करार काही झाला नाही. तेलगळतीसाठी एकमेकांना मदत करायची, त्या समजुतीच्या मसुद्याला आपल्या मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये मंजुरी दिली. तू लिहितेस, २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही, मग समुद्रावर कोण बोलणार? अगं, परिषद भरल्यावर कोण बोलत होतं?

आणि २०२१ चं ते जहाज, एक्स-प्रेस पर्ल. नायट्रिक अॅसिडचा कंटेनर गळतोय, उतरवून घ्या, असं जहाज आधी कतारच्या हमाद बंदराला म्हणालं, मग आपल्या हजिराला. दोघांनीही नाही म्हटलं. जहाज तसंच कोलंबोसमोर गेलं, २० मे ला पेटलं, २ जूनला बुडायला लागलं, आणि प्लास्टिकच्या दाण्यांनी श्रीलंकेचे किनारे पांढरे झाले. तुझ्या निबंधात तू याला ‘सहकार्याचा अभाव’ म्हटलंस. मी लाल रेघ मारली होती, आठवतं? आपल्या तटरक्षक दलाची जहाजं आग विझवायला गेली होती, सहकार्य भरपूर झालं. आगीला सगळेच धावतात. एका बंदरानं नाकारलेला गळका कंटेनर पुढच्या देशाला त्याच दिवशी दिसावा, अशी वही आपल्या समुद्रात कोण ठेवतं, तेवढं मला सांग.

माझ्या नोकरीचं तुला अर्धवटच माहीत आहे. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. सरहद्दीजवळ भीमेचे नमुने घ्यायचो. ३०० मिलीची काचेची बाटली, बुडबुडा राहू न देता भरायची, दोन रसायनं तळाशी सोडायची, बूच लावून उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी ढग उठतो आणि हळूहळू खाली बसतो. नसला तर साका पांढराच राहतो. पांढरी बाटली हातात धरून नदीकाठी उभं राहिलं की पुढचं काही मोजावंसं वाटत नाही. तरी मोजायचं. तसे आकडे आम्ही लिहीत होतो, पलीकडच्या राज्यातलेही लिहीत असणार. पण त्यांचा दिवस वेगळा, जागा वेगळी. एकदाही दोघांची बाटली एका वेळी, एका जागी भरली गेली नाही.

मी टिपण पाठवलं, महिन्यातून एकदा दोघांनी मिळून नमुना घेऊ. उत्तर आलं, उद्या तेच आकडे आपल्याविरुद्ध वापरतील. पुन्हा पाठवलं. नस्ती बंद. दर वर्षी पाठवत राहिलो, माझी बदली होईपर्यंत, आणि बदलीच्या ठिकाणाहूनही. हट्टी म्हणायचे, अजून म्हणतात. तुझ्या काकूचं मत विचारू नकोस, बढती गेली ती तिला अजून दिसते. मी काय म्हणतो, ज्या आकड्याची भीती वाटते तोच तर शेजाऱ्याला दाखवायचा असतो. न दाखवून नदी स्वच्छ झाली का? मी चुकलो नव्हतो. एकच रुखरुख आहे. पलीकडच्या प्रयोगशाळेत माझ्यासारखाच कुणी असणार, हातावर अॅसिडचे डाग असलेला. त्याच्याशी कधी भेट झाली नाही.

म्हणून सांगतो, पद्धतीची जुळवाजुळव हे हलकं काम समजू नकोस. तुला मुद्दाम विचारलं होतं: पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते सांगणारा आकडा म्हणजे बीओडी, तो आपल्याकडे नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात, पुष्कळ देशांत २० अंशांवर ५ दिवस. तू म्हणालीस, “सर, बारीकसारीक आहे.” बाजारात एकानं शेरानं आणि दुसऱ्यानं किलोनं मापलं आणि दोघं भावावरून भांडायला लागले तर तू कुणाची बाजू घेशील? दोन देश एका उपसागराच्या घाणीवर बोलायला बसतात तेव्हा हेच होतं. बंगालच्या उपसागरात तर मधल्या थरात मुळातच ऑक्सिजन जेमतेम आहे. तिथं थोडा फरकही फार मोठा आहे, आणि तो फरक समुद्राचा की पद्धतीचा, हे आधी कळायला हवं.

आता दात. पॅसिफिकमधल्या सात देशांनी १९८२ साली मासेमारीसाठी नाउरू करार केला, आठवा तुवालू नंतर आला. पापुआ न्यू गिनी सोडला तर नकाशावर ठिपके. ट्यूना त्यांच्या पाण्यात, जहाजं परक्यांची. पुढे त्यांनी काय केलं? मासेमारीचे दिवस मोजायला घेतले. वर्षाला मिळून एकूण दिवस किती ते ठरवायचं, आपसांत वाटायचे, आणि परक्या जहाजाला दिवसाच्या भावानं विकायचे. किमान भाव दिवसाला ८,००० डॉलर ठरवला. जहाज कुठे आहे ते उपग्रहावरून सगळ्यांना दिसतं. कुणाकडे मोठं आरमार नाही. मोजणी एक झाली आणि दात आले.

आणि हिंदी महासागराचं विचारशील तर २००४ च्या त्सुनामीनंतर काय झालं ते बघ. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया या सगळ्या पट्ट्याला इशारे देतात. आपलं केंद्र हैदराबादला, सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं जाऊन यावं इतकं जवळ. किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या भरतीमापकांचे आकडे देश एकमेकांना देतात, राजकारणात तोंड न बघणारेसुद्धा. लाखो माणसं मेल्यावर सुचलं, पण सुचलं.

तू आता इराणच्या आखाताचं काढशील, ठाऊक आहे. तिथलं प्रदूषण रोखायच्या १९७८ च्या कुवेत करारावर इराण आणि इराक दोघांच्या सह्या होत्या, आणि १९८३ मध्ये इराणच्या समुद्रातल्या नौरुझच्या तेलविहिरींतून तेल वाहत राहिलं तेव्हा लढाईमुळे त्या महिनोन्‌महिने बंद करता आल्या नाहीत. हो. वही लढाई थांबवत नाही. मी कधी तसं म्हटलंही नाही. लढाई संपल्यावर बोलायला काहीतरी हातात लागतं, तेवढंच.

मुंबईच्या कामाला मी नावं ठेवत नाही. किनारा साफ करणारी माणसं चांगली असतात आणि त्यांना माणसं मिळतात. रकाने जुळवायला मिळत नाहीत. तुझ्याकडे त्यासाठी लागणारी चिकाटी आहे, कंटाळा येतो तेव्हा तू बडबडतेस पण उठत नाहीस. आणि २०२६ च्या जानेवारीत खुल्या समुद्राचा नवा करार लागू झाला म्हणून तू जो जल्लोष केलास, त्यातही सामाईक माहितीची व्यवस्था हा एक गाभा आहे. ती चालवायला माणसं लागतील, भाषणं करणारी नव्हेत.

अर्जाचा मसुदा वाचला. “लहानपणापासून समुद्राची ओढ” हे वाक्य काढ. समुद्र तू कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा पाहिलास, त्यात लाजायचं काय? त्या जागी लिही की सीनेच्या एकाच नमुन्यावर ३ दिवसांचा आणि ५ दिवसांचा, दोन्ही बीओडी काढून ताडून पाहिला आहे. अजून पाहिला नसशील तर या आठवड्यात लाव. इनक्युबेटर आधी रिकामा चालवून २० अंशांवर आण, आणि जनरेटर असलेल्या खोलीतलाच घे. या उन्हात तासभर लाइट गेली तरी पाच दिवस वाया जातील.

तुझे सर