सी मध्ये दोन प्रोसेसमध्ये वेगवेगळ्या टाइपचे मेसेज कसे पाठवावेत? स्ट्रक्चर सरळ मेसेज क्यूमध्ये टाकलं तर चालतं का?

‘आमचे सर म्हणतात स्ट्रक्चर तसंच टाक, एकाच मशीनवर तर आहे’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. अगदी हेच मला आमच्या तेव्हाच्या सीनियरनी ऐकवलं होतं. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं: टाकू नका. चालतं तोवर चालतं, आणि बिघडतं तेव्हा एकही एरर येत नाही.

काम उमरेड रोडवरच्या एका धरमकाट्याचं होतं. कोळशाचे ट्रक, गाडी एकदा भरलेली चढते, एकदा रिकामी, दोन वजनांतला फरक म्हणजे माल. इंडिकेटरकडून, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून, सिरियल पोर्टवर येणारं वजन एक प्रोग्रॅम वाचायचा, दुसरा पावती छापायचा आणि मध्ये सिस्टम फाइव्हची मेसेज क्यू, म्हणजे युनिक्समधली एका प्रोसेसने टाकायची आणि दुसरीने उचलायची मेसेजची रांग. स्ट्रक्चरमध्ये तीनच गोष्टी: काट्याचा नंबर इंट, वजन डबल, वेळ लाँग. लाँग आणि डबल असे उघडे ठेवू नका, ठरलेल्या रुंदीचे टाइप घ्या आणि आलेली लांबी तपासा, असं मी डिझाइनच्या वेळीच म्हटलं होतं. ‘सी मध्ये शेवटी बाइटच जातात, टाइपचं कौतुक कशाला’ असं म्हणून विषय संपवण्यात आला.

२०१८ च्या मे महिन्यात काट्यावरचा पीसी बदलला. पावतीचा प्रोग्रॅम ६४ बिटचा करून बसवला. पोर्ट वाचणारा मात्र ३२ बिटचाच राहिला, कारण इंडिकेटरसोबत आलेली लायब्ररी ३२ बिटची होती. हेडर फाइल दोघांची एकच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पहिलीच पावती निघाली ती सव्वाशेहून जास्त आकड्यांचं वजन घेऊन, तीन-चार ओळी भरून. काट्यावरच्या भाऊंचा फोन: ‘मॅडम, काटा काहून असे आकडे फेकून राहिला?’

सीनियरचं निदान तयारच होतं. कोळशाची धूळ, नागपूरचं मेमधलं ऊन, अर्थिंग. केबल बदलली, जंक्शन बॉक्स उघडून साफ केला, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मी तोवर पावत्या एकाखाली एक लावून बघत होते. गाड्या वेगळ्या, कुठली भरलेली, कुठली रिकामी, पण सुरुवातीचे आकडे जवळपास सारखे आणि पुढचे दर पावतीला वाढतच चाललेले. कधीच कमी होत नव्हते. वजन असं वागत नाही, घड्याळ वागतं.

मग बाइट छापून पाहिले. ३२ बिट लिनक्सवर इंटचे ४ बाइट, त्याला लागूनच डबलचे ८, मग लाँगचे ४: एकूण १६. ६४ बिटवर इंटनंतर कंपायलर ४ बाइट मोकळे सोडतो, म्हणजे डबल आठव्या बाइटपासून सुरू होतो, आणि लाँगही ८ चा होतो: एकूण २४. पाठवणाऱ्याच्या आठव्या बाइटला वजनाचा वरचा अर्धा भाग होता आणि त्याच्यापुढे वेळ. वाचणाऱ्याने ते आठ बाइट मिळून ‘वजन’ समजले, आणि इंटेलवर त्यातले शेवटचे चार, म्हणजे वेळेचे, आकडा किती मोठा ते ठरवतात. मेसेजच्या सुरुवातीचा एमटाइप, म्हणजे क्यूतून मेसेज निवडायचा आकडा, हाही लाँगच, पण ३२ आणि ६४ मधला त्याचा फरक कर्नल स्वतः सांभाळतो. त्यामुळे टाइप जुळला, मेसेज मिळाला, एमएसजीआरसीव्हीने, म्हणजे मेसेज उचलणाऱ्या फंक्शनने, आलेल्या बाइटची संख्या म्हणून निमूट १६ परत दिले. ते १६ कुणी बघितलेच नव्हते.

आता तुमचं काम. प्रत्येक मेसेजच्या पुढे आपला स्वतःचा आठ बाइटचा हेडर ठेवा: १६ बिटचा प्रकार, १६ बिटची आवृत्ती, ३२ बिटची लांबी. पुढच्या भागात फक्त ठरलेल्या रुंदीचे टाइप, मोठे आधी, छोटे नंतर. एनम प्रकारांच्या नावांसाठी वापरा, पण मेसेजमध्ये त्याचा आकडा १६ बिटमध्येच साठवा, कारण एनमची रुंदी कंपायलर ठरवतो. वजनाला डबल लागतच नाही. काटा किलोच्या पटीत मोजतो, तिथे ३२ बिटचा पूर्णांक पुरतो. आणि प्रत्येक स्ट्रक्चरखाली स्टॅटिक असर्टने, म्हणजे कंपाइल होतानाच होणाऱ्या तपासणीने, त्याचा साइझऑफ बांधून टाका. सी११ पासून ही सोय भाषेतच आहे. आमच्याकडे ती एक ओळ असती तर ३२ किंवा ६४, दोनपैकी एक बिल्ड तिथेच अडला असता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी पाठवायचं वेगळं फंक्शन लिहा. वजन पाठवणारं फंक्शन फक्त वजनाच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर घेईल. चुकीचा दिला तर कंपायलर ओरडेल. व्हॉइड पॉइंटर ही फंक्शन्स असलेल्या एका फाइलच्या बाहेर दिसता कामा नये. वाचताना आधी परत आलेली लांबी हेडरइतकी तरी आहे का ते बघा, मग हेडरमधली लांबी तिच्याशी जुळते का, मग त्या प्रकाराला तेवढीच हवी होती का. नंतर मेमसीपीवायने आपल्या स्ट्रक्चरमध्ये घ्या. बफरच्या पॉइंटरला कास्ट करून वाचू नका.

एमटाइपमध्ये मेसेजचा प्रकार ठेवा असं बरेच जण शिकवतात. मला ते पटत नाही. एमटाइप ‘कुणासाठी’ हे सांगायला ठेवा. सर्व्हरने उत्तर पाठवताना तिथे क्लायंटचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घालायची रीत आहेच. प्रकारही तिथेच कोंबला तर दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि मेसेज पाठवणाऱ्या एमएसजीएसएनडीला द्यायच्या लांबीत एमटाइप धरायचा नसतो. पूर्ण साइझऑफ देणारे मी अजूनही बघते.

क्यू की सॉकेट, हेही विचारलंय. नवीन काम असेल तर युनिक्स डोमेन सॉकेट, सीक्वेन्स्ड पॅकेट प्रकारचा. मेसेजच्या सीमा राखतो आणि पोलमध्ये, म्हणजे अनेक ठिकाणांची एकत्र वाट बघणाऱ्या फंक्शनमध्ये, बसतो. सिस्टम फाइव्हची क्यू पोलमध्ये बसत नाही, प्रोग्रॅम मेला तरी कर्नलमध्ये राहते, आयपीसीआरएम या कमांडने काढावी लागते. लिनक्सवर मूळ मर्यादा एका मेसेजला ८१९२ बाइट आणि अख्ख्या क्यूला १६३८४, म्हणजे दोन मोठे मेसेज पडून राहिले की तिसरा पाठवणारा अडकून बसतो.

एकाच कंपायलरने, एकाच पर्यायांनी, एकत्र बांधलेले दोन प्रोग्रॅम असतील आणि स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर नसेल, तर सरळ पाठवलेलं चालतं, हे मान्य. दुसऱ्या टोकाला पायथन किंवा जावा असेल, तर हाताने बांधू नका, प्रोटोबफ घ्या, ती मेसेज बांधायची-उलगडायची तयार लायब्ररी आहे.

आमच्या सीनियरनी नंतर फतवा काढला: सगळं टेक्स्टमध्ये पाठवा, एसप्रिंटएफ आणि एसस्कॅनएफ. तेही मला पटलं नाही. ‘२४.५६’ हे टन की किलो, हे टेक्स्ट सांगत नाही, आणि एसस्कॅनएफने किती फील्ड वाचली ते तपासायचा कंटाळा तीच माणसं करतात ज्यांनी ते १६ तपासले नव्हते.

तुमच्या सरांशी वाद घालू नका. तुमचं स्ट्रक्चर एका छोट्या प्रोग्रॅममध्ये टाका, जीसीसीने एकदा साधं आणि एकदा ‘-एम३२’ देऊन बांधा, दोन्ही साइझऑफ छापा आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवा.