परभणीकडच्या आमच्या गावात एक बाबा नारळावर पाणी शिंपडून तो पेटवतो आणि ‘करणी निघाली’ म्हणतो. खरं असतं का?

नाही, ती निव्वळ हातचलाखी आहे. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा आधीच खोचलेला असतो. पाणी लागलं की तो भडकतो. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते चमत्कार सादरीकरणात हेच करून दाखवतात. पडताळायचं असेल तर नारळ तुमच्या घरचा द्या आणि तो बाबाच्या हाती न देता पाणी शिंपडायला सांगा. बहुतेक ‘आज योग नाही’ असंच ऐकायला मिळेल! लिंबातून रक्त काढणं त्याच माळेतलं, तिथे सुरीला मेथिल ऑरेंज, म्हणजे लिंबाच्या आंबट रसात लाल होणारं रसायन, फासलेलं असतं. करणीची भीती घालून तो पैसे उकळत असेल तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. मात्र साधी पूजाअर्चा, कीर्तन, वारी या कायद्यात येत नाही.