बालवर्गातील ‘विविधता दिन’ म्हणजे वेळेचा अपव्यय आहे का?

आपला मुलगा पुण्यातील एका शाळेत मोठ्या शिशुवर्गात आहे, आपण मूळचे लातूरचे आहात, शाळेने ‘विविधता दिना’साठी प्रत्येक मुलाला एकेका प्रांताचा पोशाख नेमून दिला आहे, आणि यातून मूल नेमके काय शिकते, त्यापायी अक्षरओळख मागे पडते का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातच २६ वर्षे बालवर्गाला शिकवले आणि आता निवृत्त आहे. पोशाखातून मूल जवळजवळ काहीही शिकत नाही. फार तर नाडी आवळलेल्या अवस्थेत किती वेळ उभे राहता येते, एवढे शिकते. हे मत कसे बनले ते सांगायचे, तर मला एका मुलीविषयी लिहावे लागेल.

२०११ सालच्या जूनमध्ये ती आमच्या वर्गात आली. शाळेमागे इमारतीचे काम चालू होते, तिचे वडील तिथे सेंट्रिंगच्या कामावर होते, आणि यवतमाळकडच्या तांड्यावरून आलेले ते कुटुंब तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहत होते. आठवड्याभराने मी ‘माझे कुटुंब’ हा तक्ता भिंतीला लावला. त्यावरील बाईच्या चित्रावर बोट ठेवून ‘ही कोण?’ असे विचारताच सर्वांच्या आधी तीच म्हणाली, ‘याडी.’ मागच्या ओळीतून एक मुलगा ‘येडी, येडी!’ असे ओरडला आणि सगळा वर्ग खिदळू लागला. मी त्याला रागावले हे खरे. पण लगेच तिच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, ‘याडी नाही गं, आई म्हणायचं,’ असेही म्हणाले. त्यानंतर शाळेचे ११ दिवस ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

मला उमज पाडली ती शाळेतल्या मावशींनी. त्याही यवतमाळ जिल्ह्यातल्याच, दिग्रसकडच्या होत्या आणि हात धुताना ती मुलगी स्वतःशी काय पुटपुटते, हे त्यांना कळत असे. ‘बाई, बंजाऱ्यांत आईला याडीच म्हणतात,’ त्या म्हणाल्या. ‘तिला वाटतंय, तुम्ही तिच्या आईला नावं ठेवली.’

दुसऱ्या दिवशी मी तक्ता काढून ठेवला, मुलांना गोलात बसवले आणि घरी आईला काय म्हणून हाक मारता, एवढेच एकेकाला विचारले. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिला होता. आपल्या शब्दाच्या ओळीत तो आपण ठेवायचा. २८ मुलांपैकी १३ जणांची ‘आई’ निघाली, ९ जणांची ‘मम्मी’, दोघांची ‘अम्मी’, दोघांची ‘अम्मा’, एकाची ‘माय’ आणि एक ‘याडी’. ती उठली, चिंचोका ठेवला, आणि तो सरळ नाही असे वाटून पुन्हा येऊन नीट केला. मग मुलांनी मला विचारले. मी नारायण पेठेतल्या वाड्यात, एकत्र कुटुंबात वाढले; काका माझ्या आईला ‘वहिनी’ म्हणत, म्हणून मीही तिला जन्मभर ‘वहिनी’च म्हणत आले, आणि त्याबद्दल मला कधी कोणी सुधारले नव्हते. हे ऐकून वर्ग असा काही हसला की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. फ्रॉकचे टोक तोंडावर धरून सर्वांत जास्त हसत होती ती हीच मुलगी.

अक्षरओळखीचे म्हणाल, तर ती त्याच ओळींमधून झाली. ‘आई’ म्हणताना तोंड उघडते आणि ‘मम्मी’, ‘माय’ म्हणताना आधी ओठ मिटतात, हे मुलांनी आरशात पाहून स्वतः शोधले. ‘य’ हे अक्षर आमच्या क्रमाप्रमाणे फेब्रुवारीत यायचे. ते जुलैतच आले आणि कोणी विसरले नाही. कोणती ओळ लांब, कोणती आखूड, मम्मीवाल्यांना आईवाल्यांना गाठायला आणखी किती चिंचोके लागतील, ही वजाबाकीची पूर्वतयारीच होती. त्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तक उघडलेही नाही.

ते शब्द आणि चिंचोके मी कार्डशीटवर चिकटवून दाराजवळ लावले होते. पालकसभेच्या आदल्या दिवशी आमच्या पर्यवेक्षिकांनी ते उतरवायला लावले. ‘आधी शुद्ध बोलायला शिकवा, पालक फी कशासाठी भरतात?’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या खोलीत आदिवासी मुलांच्या बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या अनुताई वाघांचे छायाचित्र होते, म्हणून ते वाक्य मला अधिकच झोंबले. पुण्यातल्या हुजूरपागा शाळेतील नोकरीनंतर अनुताई १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांकडे गेल्या, १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात नेली. त्यांचे छायाचित्र भिंतीवर चालते, याडी चालत नाही.

पुढे जानेवारीत शाळेत ‘भारताचे रंग’ नावाची वेषभूषा स्पर्धा झाली. वर्गातल्याच एका मुलीने भाड्याने आणलेला बंजारा घागरा घातला होता आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आमची ही गणवेशात रांगेत बसली होती. कार्यक्रमानंतर तिने त्या घागऱ्यावरचा एक आरसा नखाने खरवडून पाहिला आणि मला म्हणाली, ‘बाई, हे डिंकानं लावलंय. माझी याडी टाचते.’ मी तिला पर्यवेक्षिकांसमोर नेऊन हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायला हवे होते. मी ते केले नाही. होळीनंतर ते कुटुंब दुसऱ्या बांधकामावर गेले.

तेव्हा शाळेत जाऊन आपण पोशाखाविषयी वाद घालू नका. आपला मुलगा आजीला कोणत्या नावाने हाक मारतो, हे बाईंना ठाऊक आहे का, एवढे विचारा. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा असे डब्याचे वेळापत्रक असेल, तर त्यात धपाटे कोणत्या वारी बसतात, तेही विचारा. वर्गात डावखुरी मुले असतील, तर त्यांची कात्री वेगळी आहे का, ते पाहा. शाळा ‘आधी शुद्ध भाषा’ म्हणू लागली, तर २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाकडे बोट दाखवा. तीन ते आठ वर्षे हा त्यात एकच सलग टप्पा मानला आहे आणि घरच्या भाषेवर भर आहे. मी तो परिच्छेद आमच्या त्या पर्यवेक्षिकांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही.

हेही नमूद केले पाहिजे की प्रमाण मराठी शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. ती मुलगी दिवाळीपर्यंत ‘आई’ आणि ‘याडी’ दोन्ही बिनचूक वापरत होती. शिवाय ४० मुलांच्या वर्गात एकटी बाई असेल, तर असले गोल रोज जमत नाहीत, आणि आपल्या शाळेतल्या बाई कदाचित हे सारे करतही असतील. मी त्यांना ओळखत नाही.

पोशाखाचे राहिलेच. नेमून दिला आहे तर घालून पाठवा, वर्गात एकट्यालाच वेगळे पाडू नका. फक्त भाड्याचे कपडे मोठ्या मापाचे असतात. चार-पाच सेफ्टी पिना जवळ असू द्या आणि शूला जायच्या वेळी तो पोशाख त्याला स्वतःला सोडता येतो का, ते आदल्या रात्री पाहून ठेवा.