पँटचा नंबर ३४, पण टेप काय म्हणते?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. सासरे ५१व्या वर्षी हार्टअटॅकने गेले. ह्यांच्या ऑफिसच्या तपासणीत ई.सी.जी. नॉर्मल आला. तेव्हापासून रक्त तपासून घ्या म्हटलं की तोच कागद पुढे करतात. वर म्हणतात, ‘ते डॉक्टर स्वतः अँजिओप्लास्टी करतात आणि लिहितात मात्र मिठावर!’ काय सांगू?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, टोमणा बरोबर बसलाय. एम.बी.बी.एस., एम.डी. इथेच केलं, हृदयरोगातल्या डी.एम. पदवीसाठी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा मलाही कॅथलॅबपलीकडे, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीपलीकडे, काही दिसत नव्हतं. बंद नस उघडली की पडद्यावर रक्त सरसर पुढे जाताना दिसतं, त्याची एक नशा असते. मग राजवाड्याजवळचे एक दुकानदार, मीच स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) टाकलेले, चार वर्षांनी परत टेबलावर आले. माझा स्टेंट उघडाच होता, बंद झाली होती दुसरी नस. गोळ्या कधीच सोडलेल्या, गुटखा चालू. घरी सोडताना मी त्यांच्याशी किती बोललो होतो? दोन मिनिटं असतील. तेव्हापासून मिठावर लिहितो.

आता तो कागद. ई.सी.जी. म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद, तीही आडवं पडून काढलेली. नस अर्धी भरलेली असली तरी पट्टी स्वच्छ येऊ शकते. आणि पुष्कळ अटॅक अशा अर्ध्यामुर्ध्या अडथळ्यातूनच येतात. आतला चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि चालती नस काही मिनिटांत बंद.

वडिलांना ५५च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो आम्ही मुलाच्या खात्यातही मांडतो. म्हणून लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), साखर, बी.पी. हवंच. लायपोप्रोटीन-ए ही रक्तातली कोलेस्टेरॉलसारखीच एक चरबी बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासली तरी पुरते. ती वारशानेच येते. आणि घरातली शिवणाची टेप काढा. ‘माझा नंबर ३४’ म्हणणाऱ्यांचा पट्टा पोटाच्या खाली असतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. आपल्या पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका.

पोहे खाऊ द्या. (इंदुरात पोहे बंद करणाऱ्या डॉक्टरकडे परत कोण येतं? मीही खातो.) वरची मूठभर शेव मात्र चिमटीवर आणा, जिरावण (पोह्यांवरचा खारट मसाला) ही. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं-पापड त्यातच आले.

चालताना छातीत किंवा जबड्यात दाब येतो आणि थांबल्यावर जातो, असं होत असेल तर रिपोर्टची वाट न बघता दाखवा. बसल्या जागी दाब, दरदरून घाम असेल तर गॅसची गोळी देत बसू नका, १०८ लावा.

रिपोर्ट आले की मिस्टरांनाच पाठवा. तो कागदही बरोबर असू द्या.